डीनसाहेबांना माहितीसाठी प्रत

मी भाताच्या रोगांवर एम.एस्सी. करत होते, आणि हेही एक शिक्षण असतं हे आमच्या आत्याला शेवटपर्यंत पटलं नाही. तिच्या मते रोग भाताला होत नसतो, भात खाणाऱ्याला होतो. मी इंटर्नशिपसाठी दहा आठवडे जपानला जाणार, तेही भातच पाहायला, हे कानावर पडल्याबरोबर ती ई-रिक्षा करून रायपुरातल्या तात्यापाऱ्यात आमच्या घरी आली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "भातच पाहाचा आहे तर धमतरीले जा ना बाई. सकाळी गेली का संध्याकाळी घरी." तिचं अगदीच चूक नव्हतं. छत्तीसगडात राहून भात शिकायला परदेशी जायचं म्हणजे गोठ्यात गाय असताना शेजारणीकडे वाटी घेऊन दूध मागायला जाणं. पण मला जायचं होतं.

का जायचं होतं, ते सरळ सांगते. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या निम्म्या पोट्ट्या बंगलोर-पुण्याला कंप्युटरसमोर बसल्या होत्या आणि मी गुडघाभर चिखलात उभी राहून पानांवरचे डाग मोजत होते. लग्नकार्यात कोणी विचारलं की काय करतेस, तर आई घाईघाईनं "सायन्स" म्हणायची आणि विषय जेवणाकडे वळवायची. आपलं काम खरंच काम आहे, असं आपल्या घराबाहेरच्या, आपल्या शहराबाहेरच्या कोणीतरी एकदा म्हणावं, एवढीच माझी भूक होती. ती मोठी होती, हे मात्र मान्य करते.

परदेशातली इंटर्नशिप कशी जमवायची हे आमच्या कॉलेजात कोणी शिकवत नाही. आधीच्या वर्षीच्या एका दीदीनं सांगितलं ते एवढंच की प्रोफेसर लोकांना मेल टाकत राहायच्या, लाजायचं नाही. मी चाळीसेक मेल टाकल्या. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. हॉलंडमधल्या एकानं कळवलं की तो तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालाय आणि आता मधमाश्या पाळतो. अमेरिकेतल्या एकानं उलट मलाच विचारलं की माझा पत्ता तुला दिला कोणी. आणि जानेवारीत एका सकाळी जपानमधल्या एका प्रोफेसरांचं चार ओळींचं उत्तर आलं. करपा रोगावरचं माझं काम त्यांनी वाचलं होतं. जूनपासून त्यांच्या शेतात प्रयोग चालणार होता, दहा आठवडे ये, वसतिगृहात जागा होईल, मी कागदपत्रं तयार करतो. बस्स, इतकंच.

त्या दिवशी मी घरभर नाचले. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि लगेच विचारलं की तिकडे कच्चे मासे खातात म्हणे, मग तू काय खाशील. बाबांनी मेल कागदावर छापून आणायला लावली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे चांगलं आहे. पण हे अजून कागद नाही."

बाबांचं हे बोलणं कळायला बाबा कळायला हवेत. ते मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेत कारकून म्हणून लागले आणि रायपूरला ऑफिसात तीस वर्षं काढून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या हिशेबी जगात दोनच वस्तू आहेत: बोलणं आणि कागद. बोलणं हवेत जातं, कागद फाइलीत जातो. आणि कागद स्वतःच्या पायानं चालत नाही, त्याला ढकलावं लागतं. ढकलायची रीत ठरलेली: आधी अर्ज, मग पंधरा दिवसांनी स्मरणपत्र एक, मग स्मरणपत्र दोन, आणि तरीही कागद हलला नाही तर स्मरणपत्र तीन, ज्याच्या तळाशी "प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी" असं लिहून वरच्या साहेबाचं पद टाकायचं. ही शेवटची ओळ म्हणजे रामबाण. ती बसली की कालपर्यंत झोपलेला बाबू आज धावत येतो.

मी याच दुधावर वाढले. पाचवीत असताना सहलीला जाऊ द्यावं म्हणून मी आईला रीतसर अर्ज दिला होता, "विषय: सहलीस परवानगी मिळणेबाबत", आणि खाली प्रत बाबांना. आईनं तो चुलीत घालीन म्हणून धमकी दिली. बाबांनी मात्र तो तपासला, एक काना दुरुस्त केला आणि मंजूर केला. गॅसवाला, नळवाला, शाळेतला बंद पंखा, सगळ्यांना आमच्या घरून स्मरणपत्रं गेली आहेत. बाकीच्या पोरींना आया पुरणपोळी शिकवतात, मला बाबांनी "खालील सही करणार" शिकवलं.

तर जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. जपानहून कागद आला नाही. मी एकदा नम्रपणे विचारलं, तर उत्तर आलं: तयार करतो आहे, कृपया थांबा. मी थांबले. इकडे आमच्या विभागाचा नियम होता की मार्चअखेर बाहेरच्या विद्यापीठाचं रीतसर आमंत्रण हातात आलं तरच ते काम प्रोजेक्ट म्हणून धरणार. नाही आलं तर कॉलेजच्याच एका सरांच्या हाताखाली जावं लागणार होतं, आणि ते सर विद्यार्थ्यांकडून भाताच्या लोंब्यांपेक्षा स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाचे फुगेच जास्त मोजून घेत. माझी झोप उडाली. मी दर दहा मिनिटांनी मेल उघडून पाहायची. जपानी माणूस शब्दाचा पक्का, असं सगळेच सांगत होते. सांगणाऱ्यांपैकी एकानंही जपानी माणूस पाहिला नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी स्मरणपत्राचा मसुदा केला आणि बाबांपुढे ठेवला. मसुदा दणदणीत होता. "उपरोक्त विषयाकडे आपले लक्ष पुनश्च वेधण्यात येत आहे" अशी सुरुवात, "त्वरित कार्यवाही न झाल्यास प्रकरण वरिष्ठ स्तरावर नेणे भाग पडेल" असा शेवट, सगळं ठसठशीत इंग्रजीत. आणि खाली: प्रत माहितीसाठी, डीनसाहेब. त्यांचा, म्हणजे प्रोफेसरांच्या वरच्या साहेबांचा, पत्ता मी जपानच्या त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवरून शोधून काढला होता. मला वाटलं बाबा पाठ थोपटतील.

बाबांनी पेन उघडलं आणि आधी डीनसाहेबांना उडवलं. मग वरिष्ठ स्तर उडवला. उरलं ते दोन ओळींचं, साधं, गोडीतलं.

"वर कॉपी नको पाठवू," ते म्हणाले. "ज्यानं आपलं काम हातात घेतलं, त्याच्या डोक्यावर साहेब नाही बसवत बेटा. वर कॉपी कधी, समोरचा झोपला आहे तेव्हा."

मी म्हटलं, हा झोपलेलाच आहे, दोन महिने झाले. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हती. नोकरीत असताना एका गँगमनच्या बायकोचं पेन्शन अडलं होतं. नवरा गेलेला, घरात तीन लेकरं. बाबांनी तिची फाइल रांगेतून काढून वर घेतली आणि टेबलाटेबलावर स्वतः फिरवली. चार दिवसांत काम झालं असतं. पण त्या बाईच्या पुतण्याला हे काय माहीत. त्यानं घाबरून स्मरणपत्र टाकलं आणि प्रत थेट मोठ्या साहेबाला. साहेबानं विचारलं, ही फाइल रांग सोडून वर कशी आली? बाबांना लेखी खुलासा द्यावा लागला, बढती दोन वर्षं लांबली, आणि त्या बाईचं पेन्शन पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन बसलं. बाबांचा त्या पुतण्यावर राग नव्हता. ते म्हणाले, पोट्टा भला होता, त्याला घाई होती.

मी मान डोलावली, दोन ओळींचा कागद घेतला आणि कॉलेजला गेले.

आता इथून पुढचं मी कितीही रंगवून सांगितलं तरी त्यात माझी बाजू चांगली दिसत नाही, म्हणून रंगवत नाही. दुपारी कँटीनमध्ये माझी एक मैत्रीण समोशांची प्लेट घेऊन आली आणि म्हणाली की तिचं जर्मनीचं आमंत्रण आलं. मोबाइलवर दाखवलंही, शिक्का, सही, विद्यापीठाचं चिन्ह, सगळं. ती माझ्या महिनाभर नंतर मेल टाकायला लागली होती. तिला टाकायला शिकवलं होतं मी. मी तिला मिठी मारली, तिचा समोसा खाल्ला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, बाबा रेल्वेतले, त्यांचा जमाना गेला. गोडीनं कोणाचं भलं झालंय. त्याच कँटीनच्या टेबलावर मी मोबाइलमध्ये आधीचा मसुदा उघडला, तो दणदणीतवाला. वरिष्ठ स्तर होता तसा ठेवला. डीनसाहेबांचा पत्ता परत घातला, आणि कमी पडायला नको म्हणून त्यांच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसचाही घातला. पाठवून दिलं. वर चहा मागवला.

रामबाण बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर, पण प्रोफेसरांचं नाही, त्या ऑफिसचं. आमच्याकडे अशा कोणत्याही विद्यार्थिनीच्या येण्याची नोंद नाही. आपल्या विद्यापीठाशी आमचा करार नाही. करार नसलेल्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला बोलावण्यासाठी आधी विशेष परवानगी लागते, ती घेतलेली दिसत नाही. सबब पुढे कळवीपर्यंत प्रस्तावित भेट स्थगित. या उत्तराची प्रत आमच्या विभागप्रमुखांनाही गेली होती. म्हणजे त्यांनाही ती कला येत होती.

संध्याकाळी प्रोफेसरांच्या दोन ओळी आल्या. मी ती परवानगी मिळवण्याचं काम करत होतो, विभागाची सभा याच महिन्यात होती. आता मला डीनसाहेबांना उत्तर द्यायचं आहे. रागाचा एक शब्द नाही. त्यानं रागावून चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. माणूस माझ्यासाठी आतून वाट काढत होता आणि मी बाहेरून टॉर्च मारून त्याला उघडा पाडला होता. गँगमनच्या बायकोचा पुतण्या निदान अडाणी होता. मला तर कालच गोष्ट सांगून झाली होती.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्या मेलची प्रत त्यांच्या टेबलावर पडली होती आणि "वरिष्ठ स्तर" खाली लाल रेघ होती. ते चिडलेले नव्हते, त्यांना हसू आवरत नव्हतं. म्हणाले, "ये तुमने लिखा है? ये तो किसी रेल्वे के बाबू की भाषा है."

आणि मी म्हटलं, "जी सर. पापा रेल्वे में थे."

एवढंच म्हटलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याहून मोठं खोटं मी जन्मात बोललेली नाही. सर खो खो हसले. म्हणाले, समझ गया, पुराने लोग हैं, उनको कहाँ पता. त्यांनी लगेच शेजारच्या मॅडमना बोलावून सांगितलं, त्याही हसल्या, आणि दुपारपर्यंत विभागभर झालं की हिच्या रिटायर्ड बापानं जपानला नोटीस पाठवली. लोक येऊन माझी समजूत काढत होते. जर्मनीवाली मैत्रीण तर म्हणाली, यार, माझे पप्पा पण असेच आहेत. मी मान खाली घालून बसले. लाज वाटत होती, पण खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. कारण बापाची चूक म्हटली की मी बिचारी होत होते, आणि बिचारीला सर कदाचित मुदत वाढवून देतील असा हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. आहे हे असं आहे.

घरी गेले तर बाबा ओट्यावर बसून वांगी चिरत होते, निवृत्तीनंतर आईनं त्यांना दिलेलं एकमेव खातं. माझा चेहरा बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच की कॉपी पाठवली होती का. मी हो म्हटलं. मग ऑफिसचं उत्तर सांगितलं, प्रोफेसरांच्या दोन ओळी सांगितल्या, आणि ते ऐकून घेत आहेत म्हटल्यावर केबिनमधलंही सांगून टाकलं. जी सर, पापा रेल्वे में थे.  आई आतून बाहेर आली आणि मला म्हणाली की बापाच्या नावानं शेण खाल्लंस. आमच्या आईची मापं सहसा बरोबर असतात.

बाबांनी उरलेली वांगी चिरली, पाण्यात टाकली, हात पुसले. मग त्यांनी विचारलं की प्रोफेसरचं वय काय असेल. मी म्हटलं, साठीच्या जवळ. त्यांनी कागद मागितला.

त्या पत्राला दोन दिवस लागले. आमच्या बडे बाबूंनी एका बैठकीत दहा पत्रं काढल्याचं मी ऐकलं होतं, पण हे अडत होतं. लिहायचे, खोडायचे, उठून अंगणात चक्कर मारायचे. शेवटी त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. मराठीत आणलं तर ते साधारण असं होतं: "मी खालील सही करणार, सदर विद्यार्थिनीचा बाप. आपल्या डीनमहोदयांना प्रत पाठवण्याचा सल्ला माझा होता. मुलीने फक्त टाइप केले. आपण तिचे काम हाती घेतले होते, आणि काम हाती घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर साहेब बसवणे अयोग्य आहे, हे मला कळायला हवे होते, कारण तीस वर्षे मी स्वतः अशीच कामे हाती घेतली. या प्रकरणात दोषी मी आहे. मी निवृत्त असल्यामुळे माझ्यावर कारवाई करता येणार नाही, याबद्दल दिलगीर आहे."

"मुलीने फक्त टाइप केले" या वाक्याशी माझी बोटं थांबली. मी म्हटलं, बाबा, हे खोटं आहे. सल्ला तुम्ही उलटा दिला होता.

"मले माहीत आहे काय दिला होता," ते म्हणाले. "पुढचं टाक."

मी टाकलं. हे मला अजून टोचतं की मी एकदाच म्हटलं, दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित ते थांबले असते, आणि मला ते थांबायला नको होते. मला जपान हवं होतं. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बाबांनी छापील कागदावर निळ्या पेनानं सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दुकानातल्या भैयानं ते स्कॅन केलं. मेल फक्त प्रोफेसरांना गेली, प्रत कोणालाही नाही.

आठ दिवस काही नाही. आत्या दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा धमतरीचा विषय काढून गेली. मार्चअखेरची तारीख डोक्यावर आली. मी फुगेवाल्या सरांकडे जायची मनाची तयारी करून ठेवली होती. बाबा मात्र रोज सकाळी आंघोळ झाली की विचारायचे, काही आलं का, आणि नाही म्हटलं की पेपर उघडायचे. मी त्यांना घोर लागलेला याआधी पाहिला नव्हता.

नवव्या दिवशी आलं. मला नाही, बाबांना. पत्राच्या सुरुवातीला त्यांचं आडनाव होतं आणि पुढे जपानी लोक आदरानं लावतात तो शब्द. प्रोफेसरांनी लिहिलं होतं की इतक्या वर्षांत विद्यार्थ्याच्या वडिलांचं पत्र त्यांना पहिल्यांदाच आलं. ते त्यांनी डीनसाहेबांना नेऊन दाखवलं. डीनसाहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं की असा माणूस आपल्या ऑफिसात मिळेल का. विभागाच्या सभेत परवानगी मंजूर झाली आहे, आमंत्रण सोबत जोडलं आहे, मूळ प्रत टपालानं येते आहे. आणि शेवटी, आपण दिलगीर असण्याचं कारण नाही, मलाही कळवायला उशीर झाला.

बाबांनी ते पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग आईला, मग संध्याकाळी मुद्दाम बोलावून आत्याला ऐकवायला लावलं. आत्याला इंग्रजी येत नाही. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, तरी पण भातच ना.

पुढचं सगळं धावपळीचं आणि चक्रम होतं. विभागप्रमुखांनी ना-हरकत दाखल्यावर सही केली आणि पापांना नमस्ते सांगायला सांगितलं. व्हिसासाठी सदर बाजारातल्या स्टुडिओत फोटो काढला, तर तिथल्या भैयानं प्रेमानं मला दोन शेड गोरी करून दिली आणि हनुवटीवरचा तीळ उडवला. म्हणाला, दीदी, फॉरेन जा रही हो, अच्छा दिखना चाहिए. तो तीळ परत बसवून घ्यायला मला अर्धा तास भांडावं लागलं. एक तक्ता भरायचा होता, दहा आठवड्यांत कोणत्या दिवशी काय करणार याचा. मी सोमवार ते शनिवार भात आणि रविवारी विश्रांती असं सत्तर ओळी लिहिलं. आई मला पंडरीच्या कापडबाजारात घेऊन गेली आणि प्रोफेसरांच्या बायकोसाठी कोशाचं रेशमी कापड घेतलं. त्यांना बायको आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. आई म्हणाली, नसली तर पडद्याला होईल.

जूनमध्ये मी पोचले. प्रोफेसर स्टेशनवर घ्यायला आले होते, बारीक, उंच, पायात रबरी बूट, थेट शेतातून. गाडीत बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो प्रवासाबद्दल नाही. त्यांनी विचारलं, तुझे वडील कसे आहेत? मी म्हटलं, मजेत आहेत. ते म्हणाले, त्यांना सांग, मी त्यांच्यावर मुळीच रागावलो नाही. तुझा तर यात काही संबंधच नव्हता. मी मान झुकवली, तिकडे सगळ्यांची झुकते तशी, आणि "सांगते" म्हटलं.

काम फार चांगलं होतं. माझे डाग मोजायचे हात तिथे कोणाला हसण्यासारखे वाटले नाहीत. करप्याचे डाग मी पानावर इतक्या लवकर ओळखते याचं प्रोफेसरांना कौतुक होतं, आणि ते त्यांनी चार जणांसमोर बोलून दाखवलं. हेच ऐकायला मी एवढी धडपड केली होती, आणि प्रत्येक वेळी ऐकताना मी घाईनं पुढचं पान मोजायला घ्यायची. कारण ते कौतुकाच्या मागोमाग बाबांच्या पत्राचा विषय काढायचे. प्रयोगशाळेत नवीन कोणी आलं की सांगायचे, ही ती, जिच्या वडिलांचं पत्र मी आमच्या डीनला नेऊन दाखवलं. सगळे प्रेमानं हसायचे. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण आमच्या विभागातलं हसणं मला त्यात ऐकू यायचं, आणि माझ्या बापाला रायपूरपासून जपानपर्यंत मी खुळा ठरवलं, हेच मनात यायचं.

पाचव्या आठवड्यात एका रविवारी मी ठरवलं. बाबांना फोन केला. आधी हवापाणी झालं, रायपूरला अजून धड पाऊस नाही, आई बरी आहे, आत्याला गुडघ्याचं दुखणं. मग मी सांगितलं की मी उद्या प्रोफेसरांना खरं काय ते सांगणार आहे. कॉपी मी पाठवली होती, तुम्ही नको म्हटलं होतं, पत्र तुम्ही माझ्यासाठी लिहिलं. काय व्हायचं ते होऊ दे, हाकलून देणार नाहीत, दिलं तर दिलं. मला हे आता सहन होत नाही, असंही म्हटलं.

तिकडे पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. 

"नको सांगू," ते म्हणाले.

मी विचारलं, काहून?

"बेटा, तीस वर्षं मी पत्रं लिहिली. सगळ्याच्या खाली सही साहेबाची. माह्या नावानं गेलं अन् उत्तर आलं, असं हे एकच. ते खोटं होतं असं आता नको सांगू कोणाले."

मी नाही सांगितलं.